काही न्हाई, घरीच असती

जमादारानं विचारलं, "मयत बाई काय काम करायच्या?" आणि आमचे अण्णा म्हणाले, "काही न्हाई, घरीच असती."

अण्णा म्हणजे माझे वडील आणि मयत बाई म्हणजे माझी आई. तालुक्याच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून अण्णांनी हा जबाब दिला, खाली सही केली, आणि जमादारानं कागद घडी करून फायलीत घातला. मी शेजारीच उभी होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दिवशी डोकं ठिकाणावर होतं कुणाचं म्हणा.

शिवाय हे उत्तर काही नवीन नव्हतं. रेशन कार्ड करताना अण्णांनी हेच सांगितलं, जनगणनेला आलेल्या मास्तरांनाही हेच सांगितलं. मास्तर विचारत होते तेव्हा आई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्यांच्या समोरून गेली आणि जाता जाता तिनंही मान हलवली, की बरोबर आहे. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात मी माझ्या हातानं 'काही नाही' लिहिलंय. त्यामुळं एकट्या अण्णांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण मी लावते. त्यांच्याशी भांडल्याशिवाय मला माहेरी आल्यासारखं वाटत नाही.

आई गेली ती बाजाराच्या दिवशी. पालमहून म्हशीसाठी सरकीची पेंड घेऊन आली, फाट्यावर जीपमधून उतरली आणि डांबर सोडून पार कडेला उभी राहिली. रस्त्याला ती लय भिऊन असायची. एक पिकअपवाला एसटीला ओलांडायच्या नादात सरळ कडेला घुसला. बस, एवढंच. ह्याच्या पुढचं मला सांगायचं नाही आणि ऐकून तुम्हालाही काही मिळणार नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी परभणीला माझ्या घरी परत आले. शाळेत क्लार्क आहे मी, रजा संपली होती. अण्णा गावी एकटे. फोनवर रोज म्हणायचे, "बरं हाय. जेवलो. म्हैस बी बरी हाय." महिन्याभरानं एका रविवारी मी न सांगता पहिल्या एसटीनं गावी गेले. दार उघडं आणि घरात कोणीच नाही. गोठ्यातून बोलण्याचा आवाज येत होता म्हणून डोकावले, तर म्हशीच्या पोटाशी आई बसलेली.

पाठमोरी. तीच तिची मोरपंखी साडी, डोक्यावर पदर. मग आईनं मान वळवली, तर तिला पांढऱ्या मिशा होत्या.

"हसू नको माय," अण्णा हळूच म्हणाले. "हसलीस की पान्हा चोरती ती."

नाही हसले. म्हणजे तिथं नाही हसले. घरात जाऊन भिंतीला टेकून इतकी हसले, की हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही, आणि अण्णा दुधाची बादली घेऊन आत आले तेव्हा परत हसायला लागले. साडी त्यांनी नेसली नव्हती, गुंडाळली होती. खालून धोतर दिसत होतं.

झालं होतं असं, की ती म्हैस आईशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे. सहा वर्षं तिची धार आईनंच काढली. आई गेल्यावर दूध तर सोडाच, ती अण्णांना जवळही येऊ देईना. कास तटली, बाई दिवसभर हंबरायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, इंजेक्शन झालं, काही उपयोग नाही. शेवटी उपाय सांगितला माझ्या काकूनं.

काकू म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाची बायको, मधल्या भिंतीपलीकडं राहते. अण्णा तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि आमच्याकडं बाई भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून अण्णांना काही सांगायचं असलं की भिंतीला सांगते. अण्णांनाही उत्तर भिंतीलाच द्यायची सवय झालीय. तर काकू भिंतीला म्हणाली, "तिला जाऊबाईच्या लुगड्याचा वास पायजेल. नेसा म्हणावं."

अण्णांनी दोन दिवस इज्जतीचा विचार केला. तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या दाराला पोतं टांगलं आणि दोरीवरची साडी घेतली. आई बाजाराला जाताना बदलून गेली होती ती साडी, न धुतलेली. म्हैस हुंगून गप उभी राहिली, पण पान्हा काही सोडेना.

काकू पुन्हा भिंतीला म्हणाली, "निसतं लुगडं नेसून काय होतंय? जाऊबाई बोलायच्या तिच्यासंगं. बोला म्हणावं."

"काय बोलायची?" अण्णांनी भिंतीला विचारलं.

इथं काकूची पंचाईत झाली. कारण आई रोज सकाळ-संध्याकाळ धार काढताना म्हशीशी एकाच विषयावर बोलत आली होती, आणि तो विषय म्हणजे अण्णा. काकूनं हे भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. जिनं भासऱ्यांना कधी 'जेवलात का' असं सरळ विचारलं नाही, तिला आता त्यांच्याच नावाच्या शिव्या त्यांनाच शिकवायच्या होत्या. मध्ये भिंत असूनही काकूनं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि सुरुवात केली, "मेल्याला, म्हणावं..."

तिसऱ्या वाक्यापासून तिला गोडी लागली. अण्णांचं म्हणणं, ह्यातल्या निम्म्या तक्रारी त्यांच्या धाकट्या भावाच्या आहेत, काकूनं संधी साधून त्यांच्यावर ढकलल्या. असेलही. पण म्हशीला त्या ओळखीच्या वाटल्या. अण्णा साडी गुंडाळून, आवाज बारीक करून बोलायला लागले आणि तिनं कान पाडले, डोळे मिटले आणि पान्हा सोडला.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. मी त्या रविवारी दाराआड उभी राहून सगळं ऐकलं. "मेल्याला पाणी बी हातात लागतंय, बये. पाचला उठले, शेण काढलं, अंगण झाडलं, पाणी भरलं, आठ भाकरी थापल्या, डबा बांधला. रानात गेले तर कापसाच्या चार ओळी मी येचल्या आन् ह्यो बांधावर तंबाखू मळीत बसला. पाठ मोडली माझी. आन् घरी येऊन इचारतोय कसा, कालवणात मीठ कामून कमी हाय. मीठ घालायला येळ कुठं हाय मला?" हे सगळं पांढऱ्या मिशांच्या माणसाच्या तोंडून, स्वतःबद्दल, रोज दोनदा. लोक म्हणाले, म्हैस विकून टाका, कटकट मिटेल. अण्णांनी नाही विकली.

दावा करायचं माझ्या डोक्यात होतं. अण्णांना नको होता. "तिच्या जिवाचे पैसे मागायचे? लोक तोंडावर थुंकतील," म्हणाले. पण पिकअपवाल्याच्या माणसांनी आसपासच्या गावांत सांगायला सुरुवात केली होती, की बाईच मधे आली. आई मधे आली. सगळा जन्म जी रस्त्याच्या कडेकडेनं चालली ती. मी अण्णांना म्हटलं, पैशाला आग लावा, पण ती कडेला उभी होती एवढं कुणीतरी कागदावर लिहिलं पाहिजे. ह्यावर ते तयार झाले. परभणीच्या कोर्टात आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला.

आमच्या वकीलबाई पन्नाशीच्या, दणकट आवाजाच्या. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कायम भाजलेल्या शेंगा. शेंगा सोलत सोलत कायदा सांगायच्या आणि टरफलं रद्द झालेल्या अर्जांवर टाकायच्या. कितीतरी तारखा नुसत्या पडून गेल्या. मग एकदाचं पिकअपच्या विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं. ते वकीलबाईंनी माझ्या हातात दिलं आणि मी मूर्खासारखं अण्णांसमोर मोठ्यानं वाचलं.

त्यात लिहिलं होतं, की मयत ही कोणतेही काम करत नव्हती असे तिच्या पतीनेच पोलिसांसमोर सांगितलेले आहे, सबब तिच्या मृत्यूमुळे अर्जदारांचे काहीही नुकसान झालेले नाही.

"परत वाच," अण्णा म्हणाले. मी परत वाचलं.

"नुकसान झालं न्हाई म्हणायलेत?"

"तुमीच सांगितलंत त्यांना," मी फटकन बोलून गेले. जीभ माझी आईवर गेलीय. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. परतताना अण्णांनी एसटीचं तिकीटही हातानं खुणावून काढलं.

त्या दिवसापासून मला दाव्यात एकच गोष्ट हवी होती. ते वाक्य खोटं आहे असं न्यायाधीशानं म्हणावं. माझी आई गेली आणि कुणाचं काही बिघडलं नाही, असा सरकारी शिक्क्याचा कागद ह्या जगात राहावा, आणि तोही अण्णांच्या तोंडच्या शब्दांवर, हे मला सहन होत नव्हतं. अण्णांना काय हवं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी जेवण कमी केलंय, एवढं मात्र काकूनं मला फोनवर सांगितलं. मी भिंत नसल्यामुळं माझ्याशी ती सरळ बोलते.

वकीलबाई म्हणाल्या, घाबरायचं काही नाही, तुमचं शपथपत्र करू, त्यात त्या दिवसभर काय काय करायच्या ते लिहू. मग अण्णांकडं वही सरकवून म्हणाल्या, "त्यांचा एक दिवस लिहून काढा. उठल्यापासून झोपेपर्यंत."

अण्णांनी पेन घेतलं, वर पंख्याकडं बघितलं, खाली बघितलं, आणि बऱ्याच वेळानं वही परत दिली. त्यात चार ओळी होत्या. उठणे. स्वयंपाक. म्हैस. झोपणे.

"मधला वेळ त्या काय करायच्या?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी रानात असायचो की," अण्णा म्हणाले.

"आणि रानात कापूस कोण वेचायचं?"

"ती," अण्णा म्हणाले, आणि पाचवी ओळ लिहायला वही मागून घेतली.

म्हटलं, ह्या वेगानं गेलो तर शपथपत्र माझ्या म्हातारपणी होईल. मग एकदम डोक्यात आलं, की आईचा अख्खा दिवस आमच्याकडं आहेच की, अण्णांना तो तोंडपाठ आहे. फक्त वहीसमोर बसवलं की आठवत नाही, म्हशीखाली बसवावं लागतं. मी तीन दिवसांची रजा टाकली आणि गोठ्याच्या दाराबाहेर वही-पेन घेऊन बसले. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, मंगळवारच्या बाजाराचं वेगळं. बियाणं निवडणं निघालं, डेअरीला दूध घालणं निघालं, अण्णांची बीपीची गोळी रोज चहाच्या बशीत ठेवणं निघालं. ही गोळी आपोआप बशीत येते असंच अण्णांना वाटत होतं.

वकीलबाईंनी सगळं वाचलं. "भारी आहे. हे सांगितलं कुणी?"

"आईनं."

"कुणाला?"

"म्हशीला," मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग शिव्या गाळून शपथपत्र तयार केलं. सगळं दीड पानावर आलं.

मधल्या काळात म्हैस एकदा व्याली, वगार झाली. आणि दिवाळीला मी एक घाण करून ठेवली. घर आवरायला म्हणून आठ दिवस आधी गेले. अंथरूण-पांघरूण, पडदे, सगळं काढलं, आणि त्यातच गोठ्याच्या खुंटीवरची मोरपंखी साडी बादलीत बुडवली. शेणानं, दुधानं कडक झाली होती ती. चांगली दोनदा साबण लावून, आपटून, निळीच्या पाण्यातून काढून दोरीवर टाकली. मनात म्हटलं, अण्णा खूश होतील.

संध्याकाळी अण्णांनी ती नेसली आणि म्हशीनं लाथ घातली. बादली गोठ्याबाहेर माझ्या पायाशी येऊन पडली. अण्णा तशीच साडी गुंडाळून बाहेर आले. मला वाटलं ओरडतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं, की एवढी घाण साडी कुणी ठेवतं का.

"कामून धुतलंस गं ते?" अण्णा म्हणाले. "तिचा वास व्हता त्याला."

मी म्हटलं, म्हशीचं काय, उद्या सवय होईल तिला.

"म्हशीचं न्हाई म्हणत मी," ते म्हणाले, आणि अंगणात खाली बसून, त्या साडीचा पदर तोंडाला लावून रडले. तेराव्यापर्यंत पाहुण्यांसमोर ज्या माणसाच्या डोळ्याला पाणी नव्हतं, तो माणूस. मी पण त्यांच्याजवळ बसून रडले. वास तर मीच घालवला होता, आणि तो पुन्हा कुठल्या दुकानात मिळणार नव्हता. पलीकडून काकूनं भिंतीला हाक मारून विचारलं, काय झालं म्हणावं, पण भिंतीला उत्तर द्यायला कोणी उठलं नाही.

दोन दिवस सगळं दूध वगारीनं प्यायलं. तिसऱ्या दिवशी म्हशीनं अण्णांना जवळ येऊ दिलं. साडीला आता साबणाचा वास, तिनं हुंगून नाक मुरडलं, पण अण्णा बोलायला लागले तेव्हा गप उभी राहिली. आता ती निव्वळ तक्रारींवर दूध देते.

मग अण्णांच्या उलटतपासणीची तारीख लागली. वकीलबाईंनी त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. 'त्या दिवशी मी दुःखात असल्याने मला नीट सांगता आले नाही.' पाच वेळा म्हणून घेतलं. अण्णांनी इस्त्रीचं धोतर नेसलं, टोपी घातली आणि एसटीत बसून सहाव्यांदाही म्हणून दाखवलं.

विमा कंपनीचे वकील तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी पोलिसांचा कागद पुढं केला. "ही तुमची सही?"

"माझीच."

"पत्नी काही काम करत नव्हती, घरीच असायची, असं तुम्ही सांगितलं होतं?"

"सांगितलं व्हतं."

"मग शपथपत्रात एवढी कामं लिहिलीत ती खोटी आहेत?"

"न्हाई. पोलिसाला सांगितलं ते खोटं हाय."

न्यायाधीश साहेबांनी वर बघितलं. वयस्क होते, त्यांना बहुतेक अण्णांची दया आली. स्वतःहून वाट करून दिली. "तेव्हा तुम्ही दुःखात होता, म्हणून तसं बोललात का?"

वकीलबाईंनी माझा हात दाबला. अण्णांनी फक्त हो म्हणायचं होतं.

"न्हाई साहेब," अण्णा म्हणाले. "सुखात बी तेच म्हणायचो."

वकीलबाईंनी माझा हात सोडला. कंपनीचे वकील पुढं सरसावले. "एवढी वर्षं संसार केलात आणि बायको काय करते हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"न्हवतं," अण्णा म्हणाले. "म्हशीला व्हतं."

मागं बसलेले सगळे हसले. पट्टेवाला तोंडावर हात धरून भिंतीकडं वळला. न्यायाधीश साहेब हसले नाहीत. म्हणाले, नीट सांगा. मग अण्णांनी नीट सांगितलं. कास तटली ते, लुगडं नेसले ते, पोरीनं धुतलं ते. भर कोर्टात माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं.

"आणि म्हशीशी बोलता काय?" साहेबांनी विचारलं.

"मला शिव्या देतो साहेब. तिच्या."

"कशाबद्दल?"

मग अण्णांनी त्या सांगितल्या. बारीक आवाज न काढता, स्वतःच्या आवाजात, टोपी हातात घेऊन. पाचला उठण्यापासून बशीतल्या गोळीपर्यंत. आता कोणी हसत नव्हतं. टाइप करणाऱ्या बाई हात थांबवून बघत होत्या. साहेबांनी त्या बाईंना सांगितलं, "लिहा. मयत करत असलेली कामे मला तिच्या मृत्यूनंतर समजली." मग अण्णांना विचारलं, "बरोबर?"

"उशिरा समजली, असं लिवा," अण्णा म्हणाले.

"तेच लिहिलंय," साहेब म्हणाले.

बाहेर आल्यावर वकीलबाईंनी अण्णांना असं झापलं, की कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यानं गिऱ्हाईक सोडून ऐकलं. मग स्वतःच्या पैशानं आम्हाला चहा पाजला आणि अण्णांच्या हातात मूठभर शेंगा दिल्या.

निकालाला अजून पाच-सहा महिने लागले. नक्कल हातात आल्यावर रक्कम वगैरे मी नंतर बघितली. आधी आकड्यांची पानं उलटून वाक्यं शोधली. एक सापडलं, की मयत रस्त्याच्या कडेला उभी होती. दुसरं त्याच्या खालच्या पानावर होतं, की मयत घर आणि शेती या दोन्हींसाठी राबत होती आणि तिच्या मृत्यूने अर्जदारांचे मोठे नुकसान झालेले आहे. कोर्टाच्या जिन्यात उभं राहून मी ते चार वेळा वाचलं आणि त्याच दुपारी गावाला निघाले.

अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं. 'नुकसान झालेले आहे' ह्यावर बोट ठेवलं, जणू अक्षरं पळून जातील.

"तो पोलिसाकडचा कागद आता फाडतेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा. तो राहतोच. फायलीत असतो."

"माझ्या सहीचा?"

"हो."

त्यांनी मान हलवली. नक्कल देवळीत, आईच्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवली. म्हैस हंबरायला लागली होती, धारेची वेळ झालेली. अण्णांनी खुंटीवरची साडी घेतली आणि गोठ्यात गेले. मी पायरीवर बसून राहिले. आतून नेहमीचं सुरू झालं. पाणी हातात लागतंय, आठ भाकरी थापल्या, चार ओळी येचल्या, मीठ कामून कमी. मला सगळं पाठ झालंय, मीही ओठ हलवत होते. बशीतली गोळी झाली, आता संपलं, म्हणून मी चहा ठेवायला उठले.

"आन् शेवटाला बये," आतून बारीक आवाज आला, "पोलिसाला सांगतोय कसा मेला. काही न्हाई म्हणं, घरीच असती."

ही तक्रार काकूनं शिकवलेली नव्हती. आईला ती करायला मिळालीच नव्हती. मग बादलीत धार वाजायला लागली.